कोरफडीच्या कुंडीतली बरणी

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, तरच सांगते. चहा घ्या, पण बिस्किट आत्ताच संपवून टाका. मागच्या वेळी हे ऐकताना माझी मावसबहीण अशी ठसकली की पाठीवर थापा माराव्या लागल्या. आणि हसू कशाचं आलं तिला? माझ्या अब्रूचं!

आमच्या मंजूचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. पुंडलिकनगरला आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. मोबाइल-बिबाइल काही नाही, फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या बूथवर जायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दोन घरं फुटली. लोक सुट्टीत गावाला गेले, की चोर हजर. आणि चोर तरी कसले? एका वहिनींनी बांगड्या तांदळाच्या डब्यात पुरल्या होत्या, गेल्या. दुसरीनं कानातलं देवघरात, फोटोच्या मागं चिकटवलं होतं. तेही गेलं!

मी विचार केला. चोर शोधतो कुठं? घरात. मग वस्तू ठेवायची कुठं? घराबाहेर! आहे की नाही डोकं?

आता तुमच्यापासून काय लपवायचं, चोराचं आपलं निमित्त. माझे खरे चोर घरातच होते. आमच्या ह्यांना सगळी कपाटं उचकल्याशिवाय रुमाल सापडत नाही, आणि मंजू तर माझ्या उशीच्या अभ्र्यातसुद्धा हात घालणारी. मला माझं म्हणून काही ठेवायला त्या एवढ्या घरात वीतभर जागा नव्हती.

आमच्या पायरीशेजारी मातीच्या कुंडीत कोरफड होती. चांगली माजलेली, काटेरी. तिच्यात कोण हात घालायला जातंय? एका दुपारी हे ऑफिसात आणि मंजू कॉलेजात अशी वेळ साधून मी कामाला लागले. कोरफड उपसली. तळाशी विटांचे तुकडे घातले. त्यावर लोणच्याची रिकामी बरणी बसवली, फिरकीच्या झाकणाची. कोरफड कडेला पुन्हा लावली, बरणीवर चार बोटं माती लोटली आणि खुणेला एक चपटा दगड ठेवला. दगड उचलायचा, माती सारायची, झाकण फिरवायचं. अर्धं मिनिट! तीनदा तालीम केली. पुढचा अख्खा आठवडा मी येता-जाता त्या कुंडीकडं बघून गालातल्या गालात हसत होते.

आत काय होतं? घराची जादा किल्ली. माझ्या आईची नाकातली चमकी. आणि एक छोटी वही. ओल लागू नये म्हणून सगळं ओटीच्या खणाच्या लाल तुकड्यात गुंडाळलं, वरून काळ्या दोऱ्यानं बांधलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून चार लवंगा आणि कापराची वडी टाकली. हे सगळं माझ्या ह्या दोन हातांनी केलं, दुसऱ्या कुणाला दोष नाही.

आता ती वही. मंजूसाठी आम्ही जी स्थळं बघितली, ती मी त्यात टिपून ठेवली होती. नुसती टिपली नव्हती, मार्क दिले होते. शंभरपैकी! बारा वर्षं शाळेत शिकवलंय मी, मार्क दिल्याशिवाय मला चैनच पडत नाही. देवगाव रंगारीच्या मुलासमोर लिहिलं होतं, 'चांगला आहे, पण स्वतःच्याच बोलण्यावर स्वतःच हसतो. पस्तीस.' ह्यांनी एकदा ती वही पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"शोभा, जाळ ती वही. कुणाच्या हाती लागली तर पोरीचं लग्न राहील बाजूला, आपल्याला गाव सोडावं लागंल."

"जाळली," मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणि वही गेली बरणीत.

मग आलं सातवं स्थळ, बिडकीनचं. मुलगा विलास, कंपनीत नोकरीला. वडील दादाराव, शेतीवाडी बघणारे. आणि मुलाची आई, सुभद्राबाई. बरणीतून गुपचूप वही काढून त्यांच्याबद्दल मी काय लिहिलं होतं ते आत्ता विचारू नका, येईलच पुढं. पण मंजूला विलास आवडला. विलासला मंजू आवडली. कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. आमच्याच घरी सुपारी फुटली.

सगळं छान पार पडलं. मंडळी निघाली. मी आत लाडवांचा डबा बांधत होते. मंजूची ओटी भरून झाली होती, हे बाहेर निरोप देत होते. मी डबा घेऊन बाहेर आले तेवढ्यात जीप चालू झाली. डबा खिडकीतून दिला, हात जोडले, जीप वळणावर दिसेनाशी झाली. मी वळले आणि पायरीकडं बघितलं.

पायरीशेजारी फरशीवर नुसता गोल, ओला डाग!

"कुंडी कुठंय?"

"दिली," हे म्हणाले.

"कुणाला?"

"विहीणबाईंना. म्हणाल्या, कोरफड लई जोमदार आलीय. म्हटलं, घेऊन जा की मग! मीच उचलून जीपमध्ये ठेवली. कसल्या खूश झाल्या! बघ, नाती अशी जोडायची असतात."

मी पायरीवरच बसले.

"डोळे कशाला भरून आले? पोरगी काय आजच निघाली का?" हे म्हणाले आणि स्वतःच रुमाल काढून डोळे पुसायला लागले. आता ह्या माणसाला काय सांगू, की तुम्ही नातं जोडलं नाही, नात्याखाली सुरुंग लावून दिलाय म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऑफिसला गेल्याबरोबर मी समोरच्या शाहीन भाभींकडं गेले. भाभी शिवणकाम करायच्या, आमचं वीस पावलांचं अंतर आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढी मैत्री. त्यांना सगळं सांगितलं. आधी त्या मशीनवर डोकं ठेवून हसल्या. मग एकदम डोकं वर केलं.

"शोभा, वो अम्मा कोरफड कुंडी में रखेगी क्या? किसान की औरत है. वो तो निकाल के जमीन में लगायेगी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

"तो चलो! बैठे कायकू?"

भाभींच्या अंगणात पण कोरफड होती, रंगाच्या जुन्या डब्यात. बेत असा ठरला, की जाऊन सांगायचं, 'आमच्या कोरफडीला कीड आहे हो, ही चांगली घ्या, ती परत द्या.' सोपं! आम्ही काळी-पिवळी जीप पकडली. आत चौदा माणसं, माझ्या मांडीवर रंगाचा डबा, आणि खड्डा आला की कोरफड माझ्या हनुवटीत. अख्ख्या पैठण रोडवर मी एकच गोष्ट मनात म्हणत होते, 'देवा, त्यांच्या हातात अजून कुदळ देऊ नको.'

अंगणात पाय ठेवला आणि काय दिसलं? पाण्याच्या हौदाजवळ माझी कुंडी. कुंडीशेजारी खड्डा. खड्ड्यात कुदळ!

सुभद्राबाई कुंडीकडंच निघाल्या होत्या. मला बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

या नाही, बसा नाही. एकदम काय झालं! आणि बरोबरच होतं त्यांचं. काल सुपारी फुटलीय आणि आज मुलीची आई न सांगता-सवरता दारात उभी, केस विस्कटलेले, हनुवटीवर ओरखडे. कुणाला काय वाटेल?

आतून दादाराव आले. "पोरगी नाय म्हणली का काय?"

त्यांच्या मागून विलास धावत आला. अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा. "मंजू काय म्हणली? काकू, माझं काय चुकलं का?"

"नाही हो! तसं काही नाही," मी म्हटलं. "ते… कोरफड…"

"कोरफड?" तिघंही एकदम म्हणाले.

कीड, कीड म्हणायचं होतं हो मला. ठरलं होतं ना! पण त्या वस्तऱ्याकडं, त्या कुदळीकडं बघून मी हातातला डबा गुपचूप खाली ठेवला. मग भाभी पुढं सरसावल्या. त्यांना वाटलं, कीड पुरेशी नाही.

"अम्मा, इनकू रात को सपना पड्या. कोरफड वापस लाव बोलके. शादी के पैले ये घर में नक्को बोलके."

मी भाभींकडं बघितलं. भाभींनी माझ्याकडं बघून मान डोलावली. म्हणजे, कसं सांभाळलं!

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी अपशकुनी हाय?"

"थोडीशी," मी म्हटलं. आता काय म्हणणार?

"मग परत कशाला न्येता? तुमच्या घरी तर पोरगी हाय. नाय नाय, तुमच्याबी घरी नको. विलास, उचल ती कुंडी आन कालव्यात टाकून ये."

"नको!" मी ओरडले.

विलासनं एका बाजूनं कुंडी धरली, मी दुसऱ्या बाजूनं.

"काकू, सोडा, जड आहे."

"मी टाकते! माझं स्वप्न आहे, मीच टाकणार!"

"अहो काकू, साबण लागेल तुम्हाला."

"लागू दे!"

काल झालेला जावई आणि मी, भर अंगणात कुंडीची ओढाओढ! त्याचे हात साबणाचे, ते सुटले. कुंडी हौदाच्या कडेवर आपटली आणि फुटली. माती पसरली, आणि त्या मातीतून माझी बरणी गडगडत जाऊन दादारावांच्या पायाशी थांबली.

गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली, असं मला वाटलं.

"कुणीबी हात लावू नका," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या.

दादारावांनी काठी आणली. काठीनं बरणी लोटली. विलासनं फडक्यात धरून झाकण फिरवलं. आतून बाहेर आलं लाल कापड. त्यावर काळा दोरा. आणि त्यातून टपटप पडल्या चार लवंगा.

"करणी हाय," दादाराव म्हणाले.

आता मला सांगा, भानामतीच्या नावानं आमच्या मराठवाड्यात माणसं किती घाबरतात ते तुम्हाला काय वेगळं सांगायचं? आणि मी विज्ञान शिकवणारी बाई! पोरांना लिंबू कापून दाखवायची आणि म्हणायची, 'ह्यात फक्त आम्ल असतं.' आणि माझ्याच बरणीनं ह्या घरातल्या तीन माणसांचे चेहरे पांढरे केले होते. विलासचा तर अर्धा आधीच पांढरा होता.

"म्हणूनच यांना सपान पडलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "कुणीतरी ह्या सोयरिकीच्या वाईटावर हाय. दोन घरांच्या मधी पुरलंय हे."

दादारावांनी काठी टेकली. "मग थांबवावं आपुन. आधी जाणत्या माणसाला इचारू. लगनाचं मागून बघू."

हसू नका. मंजू सकाळीच आरशासमोर उभी राहून शालू कुठल्या रंगाचा घ्यायचा ते मला विचारत होती. विलास खाली बसला होता, साबण वाळून गालावर तडे गेले होते, आणि तो नुसता त्या बरणीकडं बघत होता. माझ्या एका बरणीपायी दोन लेकरांचं लग्न मोडायला निघालं होतं!

"माझी आहे ती!" मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सुभद्राबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"म्हंजी… तुम्हीच केली?"

"करणी नाही हो! बरणी! बरणी आहे ती, लोणच्याची!" आणि मग मी सगळं सांगितलं. चोर, तांदळाचा डबा, ओल, मुंग्या, लवंगा. खाली बसून कापड सोडलं. ही बघा किल्ली, ही माझ्या आईची चमकी. भाभी मागून म्हणत होत्या, "सच्ची बात है अम्मा, सपना मैं झूट बोली, अल्ला माफ करे."

दादारावांनी वाकून ती चमकी निरखली. मग त्यांच्या पोटातून असा काही आवाज आला, की मला वाटलं ह्यांना काही झालं. हसत होते! हसता हसता बाजेवर बसले. विलास हसला. सुभद्राबाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला. मी डोळे मिटून श्वास सोडला. सुटले!

सुटले कसली? डोळे उघडले तर विलासच्या हातात वही.

"काकू, हे काय? 'स्थळ सातवं, बिडकीन.' म्हणजे आमचंच की!"

माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या. सुभद्राबाईंनी त्याच्या हातातून वही काढून घेतली. "थोरल्यांचं असं वाचू नाय." मला वाटलं, केवढी ही समजूतदार बाई! त्यांनी वही डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. "चष्मा आत राह्यला माझा. घ्या, तुमची वही, तुम्हीच वाचा. काय लिवलंय आमच्याबद्दल, ऐकू तरी."

"असंच आपलं… काही नाही…"

"वाचा की! आता काय परकं हाय का आपल्यात?"

मी बाजेच्या कडेला बसले. समोर दादाराव आणि विलास, शेजारी भाभी. सुभद्राबाई माझ्या मागं खांबाला टेकून उभ्या राहिल्या. वही उघडली. माझंच अक्षर, सुवाच्य, टपोरं. शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं मला.

पानावर लिहिलं होतं, 'मुलगा : उंची बरी. कान मोठे.'

मी वाचलं, "मुलगा उंच आहे. दुसऱ्याचं ऐकून घेणारा आहे."

विलास लाजला.

पानावर होतं, 'वडील : बायकोकडं बघून मग बोलतात.'

मी वाचलं, "वडील प्रत्येक शब्द विचार करून बोलतात."

"व्वा!" दादाराव म्हणाले, सुभद्राबाईंकडं बघून.

पुढची ओळ आली. पानावर लिहिलं होतं, 'आई : भयंकर. बोलते कमी, बघते जास्त. पोह्यात मीठ कमी आहे हे एक अक्षरही न बोलता सांगितलं. मंजू हिच्या तावडीत सापडली तर देवच तिला वाचवो.'

मी पाणी मागितलं. प्यायले. मग वाचलं, "आई… आई म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. शांत. एकही शब्द वावगा नाही. डोळ्यांतून नुसती माया. मंजू ह्यांच्या पदराखाली गेली, तर… तर देवच पावला."

"माशाल्ला!" भाभी म्हणाल्या. दादारावांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे टिपले. मला वाटलं, जिंकले! वही मिटायला गेले.

"आन मग," मागून सुभद्राबाईंचा आवाज आला, अगदी सावकाश, "खाली येक्केचाळीस लिवलंय, ते कशाचं?"

मी मान वळवली नाही. वळलीच नसती.

"एक्केचाळीस?" मी म्हटलं.

"व्हय. खाली गोल करून लिवलंय. लाल शाईत." त्या माझ्या खांद्यावरून थोड्या पुढं वाकल्या. "चष्मा मला जवळचं बघायला लागतो, इहीणबाई. लांबचं लई झकास दिसतंय."

भाभींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी जमिनीकडं बघत होते. हौद मोठा होता, पण त्यात बुडण्याएवढं पाणी नव्हतं.

सुभद्राबाई पुढं आल्या, दादारावांच्या खिशातला पेन काढला आणि माझ्या हातात दिला.

"लगीन मोडाया मी काय खुळी हाय का? पोरगी गुणाची हाय तुमची. फकस्त येक करा. आता जे मोठ्यानं वाचलं ना, ते कोऱ्या पानावर लिवून काढा. जसंच्या तसं. आन खाली सही करा."

काय करते? लिहिलं. अन्नपूर्णा, माया, पदर, देव पावला, सगळं. पुढं बसून त्या एकेक ओळ विलासकडून मोठ्यानं वाचून घेत होत्या. 'एकही शब्द वावगा नाही' हे राहिलं होतं, ते आठवणीनं घालायला लावलं.

लग्न थाटात झालं. मंजू तिथं सुखात आहे, सासू तिला जीव लावते, एवढंच काय, मंजू आता आईपेक्षा सासूचंच जास्त ऐकते. पण ते पान आहे अजून, सुभद्राबाईंच्या लोखंडी पेटीत, माझ्या सहीसकट. सणावाराला बिडकीनला गेले आणि ताटातला एखादा घास चावताना माझी भुवई नकळत जरा जरी वर गेली, तरी त्या वाढता वाढता थांबतात आणि गोड आवाजात विचारतात, "इहीणबाई, पान आणू का?"

मग मी काय करणार? ताट पुढं करते आणि म्हणते, "वाढा की अजून!"